चार किलोला दहा ग्रॅम कमी

माझी बायको गोळाफेक करते. हे ऐकल्यावर माणसं तिच्याकडे नाही, आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात.

रेवती त्रेचाळीस वर्षांची आहे. चेन्नईतच वाढली, इथल्याच एका शाळेत पीटी शिकवते आणि माहेर तंजावरकडच्या मराठी घराण्यातलं. मी सांगलीचा. अंबत्तूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो (घरी तेच काम मी फुकट करतो). आमचं लग्न ठरलं तेव्हा तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि नेमका त्याच आठवड्यात मुहूर्त निघाला. पुढचा मुहूर्त धरता आला असता. पण मला तेवढीच रजा मिळत होती आणि तसं मी बाणेदारपणे कळवलं. ती काही बोलली नाही. बावीस वर्षांत एकदाही बोलली नाही. बायको ज्या गोष्टीवर बोलत नाही तीच तिला सगळ्यात जास्त लागलेली असते, एवढं मला उशिरा का होईना कळलं.

त्यामुळे यंदा पस्तिशीपुढच्या खेळाडूंची राष्ट्रीय इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धा चेन्नईतच भरणार आणि रेवती त्यात खेळणार, हे कळलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही. काय कमी पडणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

माझे सासरे अप्पा आमच्याकडेच राहतात. बंद हॉलमध्ये गोळा फेकायचा हे काही त्यांच्या गळी उतरेना.

"छपराखालीं गोळा? वर लागला म्हणजे?"

"अप्पा, छप्पर पन्नास फूट उंच आहे," रेवती म्हणाली.

"तुझा काय भरवसा, मा," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त होता.

रेवतीचा गोळा कॉलेजपासूनचा. अप्पांनीच घेऊन दिलेला, लोखंडी, चार किलोचा. दर नवरात्रात आयुधपूजेला तो देवापुढे बसायचा. लोक त्या दिवशी गाडीची, यंत्राची, पुस्तकांची पूजा करतात, आमच्याकडे गोळ्याची. अप्पा त्याला सढळ हाताने चंदन फासायचे, वर कुंकू लावायचे आणि ते पुसायचं नाही असा त्यांचा दंडक होता. वर्षानुवर्षांचं चंदन, गंज आणि मैदानातली माती मिळून त्याला हत्तीच्या कातडीसारखा रंग आला होता. रेवतीला तो तसाच आवडायचा. हातात नीट बसतो, म्हणायची.

मला मात्र ते बघवेना. राष्ट्रीय स्पर्धेत माझी बायको गंजलेला माल घेऊन उतरणार? कारखान्यात असला नग मी दारातूनच परत पाठवला असता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने सराव ठेवला नव्हता. ती शाळेत गेल्यावर मी गोळा उचलला आणि थेट गिंडी गाठली. तिथे माझ्या ओळखीच्या सेल्वमचं लेथ आणि पॉलिशचं छोटं युनिट आहे.

सेल्वमने गोळा फिरवून पाहिला. "सार, जुनी वस्तू आहे. फडक्याने पुसून द्या, पुरे."

"पुसून खड्डे जातील का?"

"खड्डे काढायचे तर अंगचं लोखंड काढावं लागेल."

"काढ की मग."

"किती काढू?"

"माझं तोंड दिसेपर्यंत काढ," मी म्हणालो.

दोन तासांनी त्यात माझं तोंड दिसलं. पण मी नुसत्या दिसण्यावर भाळणारा माणूस नाही. मी व्हर्नियर काढला. व्यास पाच ठिकाणी मोजला, नियमात बसत होता. गोलाई तपासली, पृष्ठभाग तपासला आणि सवयीने एका कागदावर सगळे आकडे लिहून खाली सहीही ठोकली. तिथेच कोपऱ्यात वजनकाटा होता. मी त्यावर माझी बॅग ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती सरावाला आधी गेली. जाताना मला बजावलं, "अहो, पिशवीतला गोळा तेवढा तपासणीच्या टेबलावर नेऊन द्या. बाकी काही करू नका."

मी फक्त हसलो. पिशवी उघडून बघितली असती तर ती हसली नसती.

टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. मी पिशवीतून गोळा काढला तशा शेजारच्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या. मी रिपोर्टही पुढे सरकवला. बाईंनी तो बाजूला केला आणि गोळा काट्यावर ठेवला. तीन किलो नऊशे नव्वद ग्रॅम.

"कमी आहे, सर. हा चालणार नाही."

"दहा ग्रॅमच ना? टॉलरन्स किती असतो?"

"कमीला टॉलरन्स नसतो. चार किलो म्हणजे कमीत कमी चार किलो."

हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं माल पुरवणाऱ्यांना ऐकवत आलोय. ते ऐकायला इतकं वाईट असतं याची मला कल्पना नव्हती.

अप्पा माझ्याबरोबर आलेच होते. ते गोळ्याकडे बघून हबकलेच. "अय्यो! माप्पिळ्ळै, हें काय केलांत? चंदन कुठें गेलें?" (माप्पिळ्ळै म्हणजे जावई. अप्पा फार प्रेमात किंवा फार रागात असले की मला तमिळमध्ये जावई करतात.)

"गिंडीला काढून आणलं, अप्पा."

"म्हणूनच उणें भरलें. मी पूजेचीं इतकीं चंदनें लाविलीं तीं काय उगाच?" मग ते बाईंकडे वळले आणि तमिळमध्ये विचारू लागले, की आता इथेच चार बोटं चंदन लावलं तर चालेल का. बाईंनी फार आदराने नकार दिला आणि गोळा स्पर्धा संपेपर्यंत आपल्या खुर्चीखाली ठेवून दिला.

मी रेवतीला सांगायला निघालो. हॉलमध्ये एकीकडे साठ मीटरच्या शर्यतीची तयारी चालू होती आणि ती भिंतीशी उभी राहून खांदे मोकळे करत होती. पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिला माझ्या रजेपायी सोडावी लागली होती. दुसरी मी घासून पुसून घालवत होतो. मी सगळं एका दमात सांगितलं.

"किती कमी?"

"दहा ग्रॅम."

"कुणी घासला?"

"मी. म्हणजे सेल्वमने. पण मीच."

तिने जॅकेट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे धरा. फक्त धरा." मला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात शेजारची एक उंच बाई पुढे आली. हरयाणाची होती आणि त्याच गटात खेळणार होती. "मेरा पास हो गया है, बहनजी. इसी से फेंक लो." आणि तिने आपला गोळा रेवतीच्या हातात ठेवला. काळपट होता, माझ्या लेखी तोही नापासच.

पहिली फेक रेषेबाहेर गेली. दुसरी तोकडी पडली. तीन फेकींनंतर पहिल्या आठ जणीच पुढे खेळतात आणि त्या आठांत यायला तिच्याकडे एकच फेक उरली होती. अप्पा डोळे मिटून काही पुटपुटत होते आणि मी जॅकेट छातीशी घट्ट धरून उभा होतो. तिसरी फेक गेली ती सरळ तिसऱ्या क्रमांकावर. नंतर कुणीच तिला तिथून हलवू शकलं नाही. पदक गळ्यात पडलं तेव्हा रेवती तरुण मुलीसारखी हसत होती आणि बावीस वर्षांत ते हसू मी पहिल्यांदा पाहत होतो.

घरी जाताना गाडीत मी हळूच म्हणालो, "त्या हरयाणाच्या बाईंचे उपकार झाले."

"हो ना," रेवती पदक निरखत म्हणाली. "मी तिला विचारलं, तुझा गोळा इतका नेमका कसा ग राहतो? ती म्हणाली, माझा नवरा माझ्या सामानाला कधी हातच लावत नाही." तिने पदक रुमालात गुंडाळून ठेवलं. मग म्हणाली, "प्रत्येकीचं कुठलं एवढं नशीब."