शाळेचे हिरवे पत्रे

एझ्राकाका शाळेच्या सभेतून उठले आणि तडक घरी गेले. एकटा माणूस. घरी जाऊन चूल तरी पेटवली असेल का, की तसेच बसले असतील? समीक्षाने दोन भाकऱ्या करपवल्या, तरी डोक्यातून ते जाईना.

रोह्याच्या अलीकडे तिचं गाव. तिथल्या हायस्कूलचे एझ्राकाका शिपाई. त्यांचे सगळे भाऊबंद कधीच इस्रायलला गेले. धाकटा भाऊ जेकब अजून फोन करून बोलावतो, तर काका म्हणतात, "तिकडं माझ्या घंटेवर कोन उठनार?" शनिवार मात्र त्यांचा; यहुदी धर्मात तो विसाव्याचा दिवस. शुक्रवारी दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत ते कामाला हात लावत नाहीत. शनिवारी नववीची मुलं घंटा देतात आणि रविवारी काका येऊन झाडांना पाणी घालतात. हे शाळेला ठाऊक, गावाला ठाऊक, हेडसरांना तर पक्कं ठाऊक.

गेल्या महिन्यात परतीच्या पावसात वादळ झालं आणि शाळेच्या एका बाजूचे पत्रे उडाले. तो शुक्रवार होता. मुलं नुकतीच घरी गेली होती. लेकीचं दप्तर वर्गात राहिलं म्हणून समीक्षा धावत गेली, तर मैदानभर हिरवे पत्रे, वाकलेले हूक, खिळे. काकांचा मोबाइल भिजून बंद पडलेला. त्यांनी तिच्याच फोनवरून हेडसरांना कळवलं. हेडसरांचा आवाज असा, की शेजारी उभ्या समीक्षाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"काका, उद्या सकाळची शाळा आहे. आजच मोकळं करा सगळं. पत्रे लोकांना नेऊ द्या. मला आवारात तुकडा दिसता कामा नये."

"उद्या मी हात लावायचा नाय आन् पोरं तर येनार," काका म्हणाले. "कुनाच्या पायात खिळा गेला तर काय गो करायचं?" त्यांनी हाका मारून गाव जमवलं. कोकणात धड पत्रा कोण टाकून देतो? कुणी गोठ्यावर नेला, कुणी लाकडांच्या रचीवर, एक समीक्षाच्या न्हाणीवर आला. दिवस मावळायच्या आत काकांनी मैदान झाडून काढलं.

आणि तीच चूक झाली. शाळेचा विमा होता. विम्याचा नियम असा, की आधी कंपनीला कळवायचं, फोटो काढायचे, आणि नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मोडतोड जागची हलवायची नाही. हे शिपायाला कोण सांगणार? विमा उतरवणाऱ्या हेडसरांनीच सांगायचं. हेडसरांनी सोमवारी कळवलं. पेणहून निघालेला सर्व्हेअर वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकून संध्याकाळी पोचला. त्याने वर पाहिलं तर उघडे वासे, खाली पाहिलं तर स्वच्छ अंगण.

"वादळाने गेलेले पत्रे कुठायत? मी लिहू काय?"

दावा अडकला. आज त्यासाठीच सभा होती. सर्व्हेअरने आल्या आल्या पालक समितीतल्या सगळ्यांना, समीक्षालाही, आपला नंबर दिला. मग हेडसर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "शिपायाने परस्पर विल्हेवाट लावली. विकलेही असतील. अंधार पडायच्या आत उरकायची एवढी घाई कसली होती, त्यांनाच विचारा."

घाई कसली! वीस वर्षं ज्या माणसाचा शनिवार पाहिला, त्याला हे विचारायचं?

"सर, तुम्हीच फोनवर बोललात ना?" काका म्हणाले.

"मी? कधी?"

समीक्षा ताडकन उठली. "सर, तो फोन माझा..."

"ताई, तुमची मुलगी यंदा दहावीला ना?" हेडसर हसले. "तोंडी परीक्षा जवळ आलीय. बसा."

सर्व्हेअर कागदात डोकं घालून बसला होता. ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यावर हिरवा पत्रा होता, ते सगळे पायाचे अंगठे बघत बसले. पोलिसांत तक्रार द्यायची आणि काकांना कामावरून काढायचं, असं ठरलं.

कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या जितेशला तिने ताट वाढता वाढता सगळं सांगितलं. नवऱ्याचा घास थांबला.

"तू मधी पडू नको. पोरीचे तोंडीचे वीस मार्क त्यांच्या हातात हायत."

"म्हणून एका सज्जन माणसाला चोर ठरू द्यायचं?"

"सर्व्हेअर गोठे बघत फिरला तर गाव तुला शिव्या घालील."

"घालू दे. चोरी कुणी केलीच नाही तर लपवायचं काय? पत्रे मोजायला या म्हणते. हुकाची भोकं वाशांशी जुळवून बघा म्हणते."

"आन् पोरगी?"

लेकीची काळजी समीक्षालाही होतीच. पण तीच लेक शाळेत जायच्या आधी काकांनी मैदानातला खिळा न् खिळा वेचला होता. उद्या ती विचारेल, काका कुठे गेले? काय सांगायचं? तुझ्या वीस मार्कांसाठी आम्ही त्यांना चोर होऊ दिलं?

समीक्षा मागच्या दारी गेली. न्हाणीवरचा पत्रा हिरवागार दिसत होता. तिने मोबाइल हातात घेतला.

"कुनाला लावतेस?" आतून जितेश ओरडला.

"सर्व्हेअरला. पहिला पत्रा माझ्या घरी आहे, इथनं सुरू करा, म्हणून सांगते."