अडकित्त्याने कातरलेल्या गोळ्या

"आजार तोच, डॉक्टर तेच, बायकोही तीच. मग चिठ्ठी तेवढी नवी कशाला?"

कांबळे साहेब काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून मला विचारत होते. त्यांच्या मागे चार-पाच गिऱ्हाईकं ताटकळत होती. साहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी लोकांना किती कागद आणायला लावले असतील देव जाणे. आता कागद मागण्याची पाळी माझी होती.

मी फार्मासिस्ट. बिबवेवाडीतल्या एका मेडिकलमध्ये बरीच वर्षं आहे. दुकान शेठचं, पण भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट माझं. काही कमीजास्त झालं तर इन्स्पेक्टर आधी मलाच विचारणार. त्यामुळे चिठ्ठीच्या बाबतीत मी कडक आहे. गिऱ्हाईकं 'खडूस' म्हणतात, ते माझ्या कानावर आलेलं आहे.

"साहेब, मागच्या वेळीच सांगितलं होतं. जुन्या चिठ्ठीवर शेवटचं देतेय म्हणून."

"सांगितलं होतंत. मी नाही कुठे म्हणतोय? पण डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळत नाही. मिळाली की पेशंटला घेऊन या म्हणतात. म्हणजे रिक्षा जायची, रिक्षा यायची, वर तपासणीची फी. कशासाठी? तर 'तेच चालू ठेवा' एवढे तीन शब्द लिहायला."

यात खोटं काही नव्हतं. कायम चालणाऱ्या औषधांचं हेच दुखणं असतं. औषधाइतकाच खर्च आणि त्याच्या दुप्पट मनस्ताप चिठ्ठीपायी होतो. पण हे औषध फिटचं होतं. ते नुसतं देत राहायचं नसतं, मधूनमधून डॉक्टरांनी पेशंट बघावाच लागतो.

शेठ गल्ल्यावरून हळूच म्हणाले, "मॅडम, जुनं गिऱ्हाईक आहे. देऊन टाका. नाहीतर समोरच्या दुकानात जातील."

"जाऊ देत की," मी म्हटलं. शेठ मान खाली घालून मोबाइल बघायला लागले.

आता थोडं मागचं सांगायला हवं. साहेबांच्या मिसेसना बऱ्याच वर्षांपूर्वी फिट यायच्या. औषध सुरू झालं आणि त्या थांबल्या. डोस होता सकाळी पाचशे आणि रात्री पाचशे. हा आकडा म्हणजे गोळीची स्ट्रेंग्थ, एका गोळीत औषध किती ते. याच औषधाची हजारची गोळीही येते. तिच्यात औषध दुप्पट असतं, पण किंमत दुप्पट नसते. डॉक्टर समजूतदार होते. खर्च वाचावा म्हणून त्यांनी हजारची गोळी लिहून दिली होती, सकाळी अर्धी आणि रात्री अर्धी. साहेब दर महिन्याला दहा-दहा गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स न्यायचे.

गेल्या महिन्यात हजारची गोळी कुठेच मिळत नव्हती. कंपनीकडूनच माल नव्हता. मग मी डॉक्टरांकडे फोन लावून विचारलं आणि पाचशेच्या दिल्या. माझ्याकडे त्यांच्याही तीनच स्ट्रिप्स होत्या. साहेबांना बजावून सांगितलं, "ही पूर्ण गोळी घ्यायची. अर्धी करायची नाही. पंधरा दिवसांत संपतील, तोवर नवी चिठ्ठी आणा." पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलंही. साहेब म्हणाले, "मराठी कळतं मला," आणि गेले.

मधल्या काळात त्यांचं तोंड दिसलं नाही. मला वाटलं, चिठ्ठी मिळाली असेल, दुसरीकडून घेतलं असेल. आपण काही कोणाच्या मागे फिरत नाही.

आणि आज हे जुनीच चिठ्ठी घेऊन समोर उभे. ती चिठ्ठी परत त्यांच्या हातात देता देता मला एकदम काहीतरी खटकलं.

"साहेब, मधे गोळ्या कुठून घेतल्या?"

"कुठून म्हणजे? तुम्हीच नाही का दिल्या तीन स्ट्रिप्स?"

"त्या तर कधीच संपायला हव्या होत्या."

"आमच्याकडे वस्तू टिकतात, मॅडम. अजून दोन-तीन शिल्लक असतील."

मी मनात हिशेब केला: पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरल्या, म्हणजे त्या अर्ध्याच घेतल्या जात होत्या. रोज जितकं औषध पोटात जायला हवं, त्याच्या निम्मंच जात होतं, तेही महिनाभर. फिटच्या औषधात हे फार वाईट. डोस कमी पडला की इतकी वर्षं दबलेला आजार परत डोकं वर काढतो, आणि तो सांगून येत नाही.

"घरी फोन लावा. आत्ता. स्पीकरवर ठेवा."

साहेबांना माझा आवाज आवडला नसावा, पण त्यांनी फोन लावला.

"जय भीम, बोला," पलीकडून आवाज आला. मागे लहान मूल रडत होतं.

"ताई, मी मेडिकलमधून बोलतेय. तुमची फिटची गोळी सध्या कशी घेताय?"

"नेहमीसारखीच की. रविवारी बसते आणि आठवड्याच्या कातरून डबीत भरून ठेवते. आमच्या सासूबाईंचा अडकित्ता आहे ना, त्याने बरोब्बर मधोमध कापली जाते, भुगा अज्जिबात पडत नाही."

साहेब फोनकडे वाकले. मग फोनमध्ये म्हणाले, "अगं, या वेळी पूर्ण घ्यायची होती."

"मग सांगायचं नाही का? तुम्ही आलात तेच तणतणत. डॉक्टर असे, रिसेप्शनिस्ट तशी, रिक्षावाले लुटतात. गोळीचं अवाक्षर काढलं नाहीत. नुसत्या स्ट्रिप्स हातात दिल्यात, पाकीट तर खिशातच चुरगाळलंत."

चिठ्ठीची कटकट सांगण्याच्या नादात गोळीचं सांगायचं राहून गेलं होतं.

"ताई, सकाळी हाताला झटके वगैरे येतात का?"

पलीकडे मुलाला थोपटल्याचा आवाज आला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोनदा कप पडला हातातून. यांना सांगितलं नाही. सुनेला कळलं तर छकुलीला माझ्याजवळ ठेवणार नाही ती. तिचं तरी काय चुकतंय? पण मग दिवसभर मी काय करू घरात?"

छकुली म्हणजे नात, अजून वर्षाचीही नव्हती. मुलगा-सून सकाळी हिंजवडीला कामाला जात, आणि बाळाची अंघोळ, भरवणं, झोपवणं सगळं आजीकडे. आजीच्या कडेवर बाळ, बाजूला गॅस पेटलेला, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगते, मला भीती वाटली.

मी दुकानाच्या फोनवरून डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन लावला. "अपॉइंटमेंट पुढच्या—" रिसेप्शनिस्ट सुरू झाली. मी म्हटलं, "अपॉइंटमेंट नकोय. फिटचा पेशंट महिनाभर अर्ध्या डोसवर आहे, हाताला झटके सुरू झालेत, घरात लहान बाळ आहे. डॉक्टरांना द्या."

डॉक्टर लगेच फोनवर आले. "पाचशेची पूर्ण गोळी आत्ताच सुरू करा. भरपाई म्हणून जास्तीची देऊ नका. त्यांना एकटं ठेवायचं नाही, बाळ कडेवर द्यायचं नाही, आणि आज संध्याकाळी मला दाखवा." पाठोपाठ चिठ्ठी मोबाइलवर आली. साहेब जिच्यासाठी महिनाभर खेटे घालत होते तीच. मी गोळ्या काढल्या. त्यांनी किंमतसुद्धा विचारली नाही.

साहेब वळले तेव्हा मागचे गृहस्थ म्हणाले, "झालं का? का अजून कोणाला फोन करायचाय?" पुण्यात दुकान चालवायचं म्हणजे हे ऐकून घ्यावं लागतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांकडे बाकावर बसल्या बसल्या ताईंना फिट आली. साहेबांनी धरलं, नर्स धावली, डॉक्टर बाहेर आले. थोड्या वेळाने त्या शुद्धीवर आल्या. त्याच वेळी घरी छकुली आईच्या मांडीवर झोपलेली होती. हे मला पुढच्या आठवड्यात साहेबांनीच सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. सुनेला अर्थातच सगळं कळलं. तिने नातीला आजीजवळच ठेवलं, पण काही महिने दिवसभर सोबतीला एक बाई लावली.

तेव्हापासून माझी एक सवय बदलली. आधी मी फक्त गोळी कशी घ्यायची ते सांगायचे. आता आधी विचारते, घरी गोळ्या काढून कोण देतं? बहुतेक वेळा ते माणूस काउंटरवर नसतंच. मग त्याला फोन लावते. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

पुढच्या महिन्यात साहेब आले, नवी चिठ्ठी घेऊन. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय लिहून दिले होते.

"साहेब, हजारची आली बरं का. तुमची स्वस्तातली."

"पाचशेचीच द्या."

"महाग पडेल."

"हिशेब येतो मला," साहेब म्हणाले. त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि मी काही बोलायच्या आत स्वतःहूनच घरचा फोन लावून स्पीकर माझ्यापुढे धरला. "घ्या, सांगा तिला. माझ्यावर विश्वास नाही ना तुमचा? माझाही नाही."