मागच्या सीटवरचं वजन

कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमधले आमचे शेजारी काका कुणाचीही गाडी दिसली की डिकी दोन्ही हातांनी दाबून गाडी किती उसळते ते बघतात. मला तर भेटले की ऐकवतात, "शॉक्स गेले रे तुझे!"

परवा त्यांच्या स्वतःच्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या मसल कारला मागचे शॉक्स आणि स्प्रिंगा घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, "कडक घ्या काका, मागून उचललेली मस्त दिसते."

"आणि मागे पोरं झोपलेली असली तर? दचकून उठतील ना!"

पोरं आता तिशीची, नोकरीला फ्रीमाँटला.

काकांनी मऊच स्प्रिंगा बसवल्या. गाडी किती खाली बसते ते बघायला मागच्या सीटवर तांदळाच्या दोन पिशव्या ठेवल्या, वर सीटबेल्टचे पट्टेही लावले. मनासारखी बसली. मी पिशव्या उतरवायला दार उघडलं.

"राहू दे," काका म्हणाले, "जरा चक्कर मारून आणतो त्यांना."