कोरं पाकीट

पोस्टिंग हिमालयात होती. सकाळी ढग खिडकीतून आत यायचे आणि सिग्नल सेंटरच्या टेबलावर बसून राहायचे. मी नाईकाच्या हुद्द्यावर, मूळचा कुरुळीचा. लान्स नाईक सलीम डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटारसायकलवरून टपाल पोचवणारा, पिंपरीचा. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाका मारायचो.

आता मी चाकणला कंपनीच्या गेटवर असतो. इथं पोरं डब्यातल्या भाजीलाही ‘टॉप सीक्रेट’ म्हणतात. फौजेत अर्थ सरळ होता: फुटलं तर देशाचं भारी नुकसान, म्हणून कामाच्या माणसालाच कळणार. नेणाऱ्यालाही नाही. असा कागद दोन पाकिटांत जातो. आतल्यावर लाल शिक्का, बाहेरचं कोरं. बघणाऱ्याला वाटावं, रेशनची मागणी चाललीय.

तो शिक्का पहिल्यांदा माझ्या हातात आला. एवढा रुबाबदार शिक्का कुणाला दिसणारच नाही, हे मला पटेना. मी दोन्ही पाकिटांवर मारला. बाहेरच्यावर जरा जोरातच. सलीमनं न बघता ते बॅगेत टाकलं आणि मोटारसायकल ढगात विरघळली.

सुभेदारसाहेबांना कळलं. “वाटेत बाजार आहे, गाढवा! थांबव त्याला. आणि रेडिओवर तो शब्द काढू नको.”

पुढच्या चेकपोस्टवर सलीमला रेडिओवर बोलावलं.

“पिंपरी, डब्याचं झाकण उघडं राहिलंय. ओव्हर.”

“कुरुळी, येडा हायस का? माझ्याकडं डबा नाय. ओव्हर.”

“बॅगेत बघ. ओव्हर.”

खरखर. मग, “बघितलं. धन्य आहेस, भावा. अम्मीच्या नानकटाईचा कागद हाय, त्यात गुंडाळतो. आउट.”

संध्याकाळी परतला तो हसतच. “तिथले साहेब विचारत होते, ह्याला तुपाचा वास का येतोय?”

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळला. सलीम बॅगेवर पालथा सापडला. आतल्या पाकिटाचं सील शाबूत होतं.

पिंपरीला त्याच्या घरी गेलो. दुपार पेंगत होती, शेजारच्या गॅरेजमधून हातोडीचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. अम्मी म्हणाल्या, “बेटा, त्यात होतं काय?”

“मला माहीत नाही, अम्मी.”

“सलीमला?”

“त्यालाही नाही.”

“लहानपणी मामूकडं खाऊ पाठवला, तर वाटेतच निम्मा संपवायचा. आणि हे उघडलंच नाही?”

“नाही, अम्मी.”

निघताना त्यांनी नानकटाई बांधून दिली. कोऱ्या कागदात.

अजून जातो, अजून देतात. परतताना बसमध्ये पुडकं मांडीवर धरून बसतो. तुपाचा वास येत राहतो. घर येईपर्यंत उघडत नाही.