वाचता नाई आली ती कोरी

आमचा राजदीप कुलूप लावते, दोन पावलं जाते, वापस येते, कुलूप ओढून पाहाते, मंग जाते. गाडीपर्यंत पोचला का पुन्हा वापस. मी त्याची मोठी बहीण, रिना. चंद्रपूरले दवाखान्यात नर्स हाये, दिवसभर लोकायचं दुखणं पाहाते, म्हणून घरी आल्यावर असे नखरे मले सहन होत नाई. "अबे, कुलूप काय रडून राह्यलं का तुझ्याबिगर?" असं मी त्याले किती डाव म्हटलं असन. काही फरक नाई. गॅस, नळ, गाडीचं स्टँड, आईच्या गोळ्या, सगळं दोनदोनदा. घुग्घुसले आमचे बाबा कोळशाच्या खाणीत होते. ते शिफ्टहून येईस्तोवर हा पोट्टा उंबरठ्यावरून उठत नसे. तिथूनच सवय लागली, असं आई म्हणते. मी म्हणते, काही नाई, जन्मतानाच घोर घेऊन आला.

त्याचं काम ऐकलं का लोकं हसतात. इंदुताईची एक संस्था हाये. जंगलातल्या गावायचे नकाशे, म्हाताऱ्या माणसायच्या मुलाखती, गावसभेचे व्हिडिओ, असं सगळं तिथी टेपायवर भरून जपतात. टेप म्हणजे हातात मावन असा चपटा डबा, आतमधी फीत. माणसापेक्षा उंच काळं कपाट, त्यात या टेपायचे खण, आन मधात खालीवर धावणारा यंत्राचा हात. पाहिजे ती टेप हात काढते, वाचणाऱ्या मशीनमधी घालते, काम झालं का जागेवर ठेवते. कोणती टेप कवा उचलायची, कुठी ठेवायची, हे त्या हाताले सांगणारा प्रोग्राम राजदीप लिहिते. त्याचा जोडीदार हेमराज, चामोर्शीकडचा, धानवाल्या घरचा, लय गोड माणूस. त्यानं त्या हाताचं नाव लहानू ठेवलं. "लहानू जेवला का बे?" असं चालते त्यायचं फोनवर.

आता हा लहानू टेप ओळखते कशी, तं टेपेवर एक पट्टी असते, बिस्किटच्या पुड्यावर काळ्या रेघा असतात नं, तशी. तेवढी त्याले वाचता येते, बाकी काही नाई. मागच्या साली इंदुताईनं ठरवलं का सगळ्या टेपायची दुसरी प्रत काढायची. तोवर एकेकच प्रत होती, आन कॅमेऱ्यातलं कवाचंच पुसून झालं होतं. नव्या टेपा आल्या, पण त्यायच्या पट्ट्या आल्याच नाई. मंग राजदीपनं प्रोग्राममधी लिहिलं का बाबा, जिची पट्टी वाचता नाई आली ती कोरी समज, आन तिच्यावर प्रत भर. काम दसऱ्याच्या संध्याकाळी आपोआप सुरू होणार होतं. ऑफिस बंद, मशीनीले कोणी हात लावणार नाई, म्हणून तो दिवस धरला.

त्याच कपाटात पोचूकाकाची टेप होती. एटापल्लीच्या आतमधल्या एका गावचा हा म्हातारा. गावानं आपल्या जंगलाच्या हक्काचा दावा लावला होता, आन आपल्या गावचं जंगल कुठून कुठपर्यंत, कोणत्या नाल्यापासून कोणत्या देवाच्या दगडापर्यंत, हे सगळं चालत चालत दाखवू शकन असा तेवढाच एक माणूस उरला होता. राजदीप स्वतः कॅमेरा घेऊन त्याच्या मागं फिरला होता. वापस आला तवा पायाले फोड, आन तोंडात सारखं पोचूकाका, पोचूकाका. सुनावणी दिवाळीनंतर होती. पण काका उन्हाळ्यातच गेले. बातमी आली तवा हा जेवून राह्यला होता. हात धुतला, ऑफिसात गेला. वापस आला, पाणी पेला, पुन्हा गेला. "काऊन बे, मेलेला माणूस ऑफिसात भेटते का?" मी जरा जोरातच बोलली. आता गावाजवळ काकाच्या बोलण्याची तेवढी एक टेपच होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेमराजनं त्याले विचारलं, "भाऊ, उद्या लहानूची पूजा करू का?" आम्ही बौद्ध, आमच्या घरी पूजा नाई, पण राजदीप कोणाले नाई म्हणणारा नाई. तो म्हणाला, कर. मंग त्याचं सुरू झालं. पाणी शिंपडू नको. नारळ बाहेर फोड. उदबत्ती आत नेऊ नको. खणात फूल टाकू नको. हेमराजनं सगळ्याले मान हलवली. कुंकवाचं याच्या डोक्यात आलंच नाई. आमच्या घरात कुंकवाचा करंडाच नाई, तं येईन कुठून?

दसऱ्याले आम्ही नागपुरात, दीक्षाभूमीवर. आई, मी, राजदीप, वस्तीतल्या बाया, सगळ्या पांढऱ्या लुगड्यात. दर्शनाच्या रांगेत उभे होतो. चिक्कार गर्दी, फोनले रेंज येत जात होती. तेवढ्यात राजदीपच्या फोनवर ऑफिसचे फोटो आले. झेंडूचा हार घातलेलं कपाट. हेमराज हात जोडून उभा. पुढच्या फोटोत कपाटाचे समोरचे खण बाहेर काढलेले, आन त्यातल्या एकूणएक टेपेवर हळदीकुंकवाचा मोठा टिका. मले तं छानच दिसलं. राजदीपनं फोटो बोटानं मोठा केला. मंग त्याचा चेहरा असा झाला का मी त्याची नाडीच धरली.

"ताई, टिका पट्टीवर लावला."

"मंग?"

"पट्टी वाचता नाई येणार. लहानू या साऱ्या टेपा कोऱ्या समजन. संध्याकाळी त्यायच्यावर मागच्या टेपायच्या प्रती भरन. सगळं पुसल्या जाईन. पोचूकाका पुसल्या जाईन, ताई."

हेमराजची चूक म्हणावं तं ती बी नाई. पट्टी म्हणजे टेपेचं कपाळ, आन टिका कपाळालेच लावतात माणसं. त्याले फोन लावला, लागला नाई. पूजा करून तो गावाकडं सोनं वाटाले निघून गेला होता, तिकडं रेंज नाई. इंदुताई दिल्लीच्या विमानात. आईले मी वस्तीतल्या बायायच्या हवाली केलं. "दर्शन करून घे नं," आई म्हणे, "मंग जा." राजदीपनं तिथूनच हात जोडले आन गर्दीतून उलटा निघाला. मी मागं. एकटा सोडायसारखा नव्हताच तो.

बस भेटली, जागा नाई भेटली. उभा राहून तो फोनच लावत होता. एका मोठ्या गावाजवळ ऑफिसच्या चौकीदाराचा लागला. लटारूभाऊ म्हणून हाये, चांगला समजदार माणूस. राजदीप ओरडूनच बोलला, "लटारूभाऊ, मेन बटन पाडा! पुऱ्या बिल्डिंगची लाईन बंद करा!" थोड्या वेळानं त्याचा फोन आला, "पाडलं साहेब. अंधार झाला. पण कपाटाचा हिरवा दिवा चालूच हाये." मशीन बॅटरीवर गेली होती. लाईन गेली तं टेपायले धक्का नको म्हणून ती मोठी बॅटरी राजदीपनंच भांडून मागवली होती. आन खोलीचं दार लोखंडी, वर वीतभर काच, कुलूप बी त्याच बॅटरीवर, उघडते फक्त दोघांच्या अंगठ्यानं, हेमराजच्या आन याच्या.

"दार तोडा," हा म्हणे.

"कायनं तोडू साहेब? माझ्याजवळ दंडा हाये."

वरोऱ्यापर्यंत ठीक आलो. पुढं भद्रावतीले देवीची मिरवणूक. डीजे, गुलाल, पोट्टे नाचून राह्यले, बस जागची हालत नाई. मी ड्रायव्हरसंग भांडली. तो म्हणे, "बाई, उडून जाऊ का?" राजदीप खाली उतरून पायी जातो म्हणे, तं मी त्याचा शर्ट धरून ठेवला. काय पायी जाशीन, गाढवा, चंद्रपूर काय पुढल्या गल्लीत हाये? मले पोचूकाका कधी दिसले नाई. पण एका गावाचं जंगल एका डब्यात, आन त्या डब्यावर कुंकू, हे काही डोक्यातून जाईना. बस तिथीच उभी होती तवा लटारूभाऊचा फोन आला.

"साहेब, लहानू हालला. मी काचेतून टॉर्च मारून पाहून राह्यलो. लाल टिक्याची एक टेप उचलली त्यानं. मशीनीत घातली."

राजदीपनं फोन माझ्या हातात दिला आन खाली पाहात राह्यला. रडला नाई. रडला असता तं बरं झालं असतं.

चंद्रपूरले उतरलो, बसस्टँडवर सकाळी ठेवलेली आमची गाडी घेतली. चाबी त्याच्या हातातून घेतली आन मीच चालवली. ऑफिसात लटारूभाऊ टॉर्च घेऊन उभा. राजदीपनं दारावर अंगठा ठेवला. दार उघडलं नाई. पुन्हा ठेवला, नाई. घामानं अंगठा भिजून गेला होता, मशीन त्याले ओळखतच नव्हती. मी माझा पांढरा पदर घेतला, त्याचा अंगठा लहान पोराचा पुसावा तसा घासून पुसला, आन दाबून धरला. उघडलं.

आत कपाटाचा घरघर आवाज चालूच होता. लहानू दुसरी टेप धरून मशीनीकडं जाऊन राह्यला होता. राजदीपनं धावत जाऊन कीबोर्डवर काहीतरी मारलं. हात टेप धरून मधातच थांबला. मंग तो पडद्यासमोर बसला आन लहानूनं काय काय केलं त्याची नोंद वाचाले लागला.

"अबे बोल नं! पहिल्या टेपेचं काय झालं?"

"परत पाठवली," तो हळूच बोलला. "मशीननं घेतली नाई. तीनदा घातली लहानूनं, तीनदा परत. मंग बाजूले ठेवून दुसरी उचलली."

त्यानं ती पहिली टेप खणातून काढली, टॉर्चमधी उलटी करून पाहिली. पोचूकाकाचीच होती ती. कोपऱ्यात एक बारीक खटका असते. तो सरकवला का टेप वाचता येते, पण तिच्यावर दुसरं काही भरता येत नाई. खटका सरकवलेला होता.

"हा कोणी लावला?" राजदीप मलेच विचारते.

घ्या! "तूच लावला," मी म्हटलं. "उन्हाळ्यात, काका गेले तवा. जेवतानी उठून आला होतास. मंग लावला का नाई म्हणून पुन्हा आला होतास."

त्याले आठवतच नव्हतं. एवढं तपासते माणूस, आन तपासलेलं त्याच्याजवळ राहात नाई. लटारूभाऊनं लाईन चालू केली. राजदीपनं कोरड्या फडक्यानं कुंकू पुसलं, पण पट्टी लालच राह्यली, म्हणून टेप स्वतःच्या हातानं मशीनीत घातली, फक्त वाचाले. पडद्यावर झाडं आली, नाला आला, आन एक वाकलेला म्हातारा काठीनं दाखवून राह्यला, "हे पाहा, इथून आमचं." मंग कॅमेऱ्यामागून आमच्या येड्याचा आवाज, "काका, अजून एक डाव सांगा नं. भेव वाटते, नाई निघालं तं."

म्हातारा थांबला. सरळ आमच्याकडं पाहून हसला. "किती डाव सांगू रे? तुले तं पाठ झालं असन आता. मी मेलो तं तूच सांगजो."

आन काठी टेकत पुन्हा नाल्यापासून सुरू झाला. राजदीप तवा रडला. मी बी रडली, लटारूभाऊनं तोंड फिरवलं.

त्याच बैठकीत त्यानं तो नियम खोडला. जिची पट्टी वाचता नाई आली तिले हात लावू नको, माणसाले हाक मार, असं लिहिलं. हेमराजचा फोन आला, खुशीत होता बिचारा. "भाऊ, पूजा कशी वाटली?" मी फोन हिसकून घेणारच होती. राजदीप म्हणाला, "लय चांगली केली. फक्त येत्या साली टिका कपाटाले लाव, टेपायले नको. उद्या ये, सांगतो." तेवढंच.

बाहेर आलो, दार लागलं. दोन पावलं चालला आन थांबला. मले माहीत होतं काऊन. माझ्याकडं चोरून पाहाते, का आता ताई बोलन. मीच मागं वळली, दाराचा दांडा दोन्ही हातानं ओढून पाहिला. पक्का होता.

पायऱ्या उतरलो, आन मी पुन्हा वापस गेली.