पूर्णगडच्या खाडीत, न परतलेल्या वैमानिकांसाठी

"अब्बांना समुद्रात न्यायचंय. एकटीला धीर होत नाही. येतेस?" शबानाने स्टाफरूममध्ये विचारलं. मी आधी हो म्हटलं, कशासाठी ते मग विचारलं.

फेब्रुवारीतल्या शनिवारी आम्ही कोल्हापूरहून पहिली एसटी पकडली. पालीत मिसळ खाल्ली. तिथून रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस आणि पूर्णगड. रत्नागिरीत पुढची गाडी उशिरा मिळाली आणि तिथेच आमचं गणित चुकलं. तुम्ही गेलात तर होडीत सकाळीच बसा. दुपारी वारा चढतो.

वाटेत शबानाने आजोबांची हकिकत सांगितली. ते बोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. महायुद्धात त्यांची बोट इंग्लंडच्या किनाऱ्याला नांगरलेली असताना डोक्यावरून नौदलाची सहा विमानं गेली. दुहेरी पंखांची, इतकी संथ आणि खालून, की आतली माणसं दिसली. एकाने हातही हलवला. समोर जर्मन युद्धनौकांचा ताफा होता आणि राखणीला लढाऊ विमानं पुरेशी आली नव्हती. तरी ती पोरं गेली. आजोबा डेकवर कुडकुडत वाट पाहत राहिले. एकही विमान परतलं नाही.

गावी आल्यावर ते दर फेब्रुवारीत खाडीबाहेर जाऊन फुलं सोडत, दुआ मागत. त्यांच्यामागे हे काम शबानाच्या वडिलांनी, युसुफचाचांनी, चालवलं.

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. होडीवाला रफिक कुरकुरला. "चाचा, खाडीच्या तोंडावर लाटा फुटतायत."

"बघू तर," चाचा म्हणाले.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. तिथे पहिली लाट अंगावर आली आणि इंजिन बंद पडलं. होडी आडवी झाली. रफिक इंजिनाची दोरी ओढतोय, शबानाने अब्बांना मिठी मारलीय, मी फळी धरून बसलेय. पुढची लाट उंचावताना दिसत होती. ती येऊन आदळली, आम्ही नखशिखांत भिजलो, आणि इंजिन धडधडलं.

"फिरवू काय?" रफिक ओरडला.

चाचा बाहेरच्या समुद्राकडे बघत राहिले. आजवर एकही वर्ष चुकलं नव्हतं.

"अब्बा, मला भीती वाटतेय," शबाना म्हणाली.

"फिरव," चाचा म्हणाले. "त्या पोरांना मागे फिरा म्हणणारं कोणी नव्हतं. तुम्हाला म्हणायला मी आहे."

खाडीच्या आतच त्यांनी फुलं सोडली. तळवे उघडून बराच वेळ पुटपुटत राहिले.

चाचांच्या घरी बांगड्याचं कालवण वाढलं, पण चाचा ताटाला हात लावेनात. "माझे अब्बा रागावले असते काय?" चाचांनी विचारलं.

"त्यांनीही फिरवलीच असती," शबाना म्हणाली. तेव्हा कुठे ते जेवले.

कोल्हापूरला घरी आल्यावर मी माझ्या आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. "नावं काय होती त्या वैमानिकांची?"

मला ठाऊक नव्हती. फोनवर शोधून मी ती वाचायला लागले. परकी, अवघड नावं. आईने प्रत्येक नाव माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, तिला नीट म्हणता येईपर्यंत.