सेनेटरसाहेबांच्या पत्रातली आत्याची ओळ

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला एसटीत होते, निघाले होते तीही तिच्याकडेच. तिचं अमेरिकेशी भांडण जुंपलं होतं आणि तिला तिच्या बाजूने बोलणारं माणूस हवं होतं. महिना उलटला, तरी ते भांडण माझ्या डोक्यातून जात नाही...

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या या इंग्रजीच्या बाईंना स्वस्थ बसवेना. तिकडच्या एका विद्यापीठात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका राजकारणी घराण्याचे कागद जपून ठेवलेत. त्यातल्या पत्रांचे फोटो इंटरनेटवर बघून कुणीही ती घरबसल्या टाइप करून द्यायची. भाट्ये गावातल्या तिच्या घरी, एक डोळा गॅसवरच्या आमटीवर ठेवून, आत्या ते करायची. त्या घराण्यातला सेनेटर राजधानीत, बायको मुलांना घेऊन शेतावर. आत्याला त्यात काही नवल वाटलं नाही. तिचे यजमान, आमचे काका, जन्मभर बोटीवर होते. त्यांच्या पत्रांत नारळ उतरवले का, कौलं परतली का, एवढंच. ती पत्रं तिने बंबात घातली. "वाचून झाली, ठेवायची कशाला?" म्हणाली. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

मग सेनेटरचं ते पत्र आलं. धाकटी मुलगी तापाने फणफणलेली, बायकोने तसं कळवलेलं, आणि हा गृहस्थ उत्तरात पानभर मतांची बेरीज न् घोड्याचा खुराक लिहितो. पोरीचं नावसुद्धा नाही! आत्याने सगळं जसंच्या तसं टाइप केलं आणि शेवटी स्वतःच्या पदरची ओळ घातली: 'पोरीचा ताप उतरला का? तूही जप.' तिकडच्या तपासणाऱ्या बाईंनी ती काढली. हिने परत घातली. त्यांनी परत काढली, हिने पुन्हा घातली.

"आत्या, मूळ पत्रात ती नाहीच आहे," मी फोनवर म्हटलं.

"ठाऊक आहे मला. राहून गेलं असेल मेल्याचं. ती बाई वाट बघत बसली असेल गो!"

तेव्हा मी पोट धरून हसले.

जुन्या कागदांत असं घुसडू नये, हे मलाही पटतं. तरी रोज तिचा लॅपटॉप उघडते, ओळ आहे ना बघते, मिटते, पुन्हा उघडते. परवा तिच्या नावाने तिकडून निरोप आला, अगदी अदबीने: ती ओळ आता कायमची काढू ना? आत्या गेली, एवढंच मला कळवायचं होतं. मी लिहिलं, "मी तिची भाची. आत्याला विचारून सांगते," आणि पाठवूनही टाकलं.